जावयाच्या मापाचा बांबू

दोन हजार बावीस साल, माझं वय एकाहत्तर. तोवर लई माणसं बघितली, पण मरणाशी माझ्या व्याह्यांएवढा घरोबा ठेवणारा माणूस या जिल्ह्यात झाला न्हाई आणि होणारही न्हाई. राहायला अणदूरला. पोटाला शेती, पण जीव सगळा तिरडीत. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला हेच, तेही चहासुद्धा न घेता. आणि दुसऱ्या कुणी बांधली तर आठवडाभर रुसायचे. लोक त्यांच्यापुढं आडवं व्हायला भ्यायचे. देवळाच्या ओट्यावर दुपारचं कुणी लवंडलेलं असलं आणि व्याही समोरून आले, की माणूस ताडकन उठून बसायचा. कारण व्याह्यांची नजर डोक्यापासून टाचेपर्यंत एकदा फिरायची आणि मग मान हलायची. मान हलली म्हणजे माप झालं.

लग्नात त्यांनी माझ्या दत्ताला मिठी मारली, ती जरा जास्तच लांबली. म्या म्हणलं, "पाव्हणं, काय मोजताय?"

"जावई उंच हायेत," ते कौतुकानं म्हणाले. "बांबू लांब लागंल."

भर मांडवात हा शब्द! आमच्या मंडळींनी तिथंच पोराची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पण व्याह्यांच्या मनात पाप न्हवतं. स्वतःसाठी दोन बांबू त्यांनी गोठ्यामागं राखून ठेवले होते आणि दर दिवाळीला, बैलाच्या शिंगांना लावावं तसं, त्यांना तेल लावायचे. मयताला रडणं मात्र त्यांना ठाऊक न्हवतं. सख्खी आई गेली तरी डोळा कोरडा. "बांधणारा रडला की गाठ ढिली बसती," म्हणायचे. दोरी न्यायची ती कायम दुप्पट. आणि निघाले की मागून कुणी हाक मारली तरी वळायचे न्हाईत. मयताला निघालेल्यानं मागची हाक घेऊ नये, हा त्यांचा नेम. मोबाईल आल्यावर ते घरातून निघतानाच तो बंद करायला लागले.

दत्ता माझा एकुलता एक. येडशीहून सोलापूरला दुधाचा टँकर नेतो. त्यानं माझ्या जागेवर घर बांधायला बँकेचं कर्ज काढायचं ठरवलं. बँकेच्या बाईंनी समजावून सांगितलं, की कर्जासोबत विमा घ्या. त्याची रक्कम कर्जातच मिळवू, हप्ता थोडा वाढेल. उद्या दत्ताचं काही झालं तर राहिलेलं कर्ज विमा कंपनी भरेल आणि घर सुनेला, मनीषाला राहील. काही झालं न्हाई तर ते पैसे परत न्हाईत. सक्ती न्हाई, विचार करून सांगा. जागा माझी, म्हणून सही माझीही लागत होती.

म्या सरळ न्हाई म्हणलं. माझं शिक्षण तिसरी, पण ज्या सौद्यात पोरगा मेला तरच फायदा, तो सौदा बाप करत न्हाई, एवढं कळायला तिसरी बास होती.

दत्ता म्हणाला, "आबा, महाग हाय हे खरं. पण मी रोज रस्त्यावर असतो."

"म्हणूनच अभद्र बोलू नको."

हे कळल्यावर व्याही मुद्दाम अणदूरहून आले. म्हणाले, "पाव्हणं, दोरी जास्तीची असावी. उरली तर उरली. कमी पडली तर मयत खांद्यावर घिऊन दुकानाला जाता येत न्हाई."

"तुमची दोरी तुमच्या गावात ठेवा," म्या म्हणलं. ते पाणीसुद्धा न पिता गेले.

बँकेला कळवायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भर दुपारी दत्ता पायरीवर बसून बूट घालत होता. एक कावळा आला, त्याच्या डोक्याला शिवला आणि उडून न जाता समोरच्या भिंतीवर बसला. ओरडला न्हाई. नुसता बघत राहिला. दत्ता हसला, टँकर काढून निघून गेला.

आमच्याकडं कावळा शिवला की त्या माणसाच्या सोयऱ्यांना तो मेल्याचा खोटा निरोप धाडतात. ते खरं समजून रडले की मरण फसतं आणि माघारी जातं. मग खरं सांगायचं. माझा असल्यावर विश्वास न्हाई. पण आमची मंडळी ताट पुढं सारून बसली आणि मनीषाही म्हणाली, "करा की आबा, माझे वडील समजून घेतील." म्या फोन लावला.

"पाव्हणं, दत्ता गेला."

म्या रडण्याची वाट बघत कान लावून बसलो. पलीकडं नुसती गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग व्याही म्हणाले, "बरं." आणि फोन बंद. परत लावला, लागंना. तेव्हा त्यांचा नेम आठवला. माणूस निघाला होता. रडला न्हवता, आणि आता हाकही घेणार न्हवता.

दत्ताला लावला. तोही लागंना.

"आबा, खोटंच हाय न्हवं?" मनीषानं विचारलं.

"खोटंच हाय."

"मग ह्यांचा फोन का लागंना?"

कावळा भिंतीवरून हलला न्हवता. आम्हीच पेरलेलं खोटं आमच्याच चुलीपाशी येऊन बसल्यागत वाटत होतं.

ऊन कलल्यावर टेम्पो आला. व्याही उतरले, कुणाच्या तोंडाकडं न बघता दोन हिरवे बांबू अंगणात ठेवले आणि बांधायला बसले. मापाला एकदाही थांबले न्हाईत.

"पाव्हणं, थांबा! कावळा शिवला हुता! खोटं हाय ते!"

मान वर न करता ते म्हणाले, "मग जावई कुठायत?"

"सोलापूरला."

"बोलवा फोनवर."

म्या परत लावला. लागला न्हाई. त्यांनी गाठ आवळली.

"बँकेत विम्याची सही केली हुती का तुमी?"

मनीषा माझ्याकडं बघत होती.

"बरं," ते म्हणाले. फोनवरचंच ते 'बरं'. "टेम्पोवाल्याला थांबाया सांगा. जाताना मनीला न् तिच्या सामानाला घिऊन जावं लागंल. हितं आता तिचं काय ऱ्हातंय."

तिरडी पुरी झाली. कुणी तिकडं बघेना, आणि बघितल्यावाचून कुणाला राहवेना. तिन्हीसांजेला फाट्यावर हॉर्न वाजला. दत्ता आत आला. हातात बंद पडलेला मोबाईल. अंगणात त्याच्या उंचीची तिरडी बघून तो जागीच थांबला.

"आबा, कोण गेलं?"

व्याह्यांनी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत बघितलं. मग खाली वाकले आणि गाठ सोडायला लागले. सुटेना. नखं लावली, दात लावले.

"दत्ताराव, तुमीच सोडा," ते म्हणाले. "जल्मभर बांधतच आलो. माझी गाठ कधी सोडावी लागली न्हाई हो." आणि त्या बांबूवर डोकं टेकून तो माणूस पोरागत हुंदके देऊन रडला.

"फिटलं! रडले पाव्हणं!" आमची मंडळी म्हणाली. पण खरं कळायच्या आधी रडावं लागतं, नंतरचं धरतात का, हे तिलाही ठाऊक न्हवतं. म्या ठासून सांगितलं, धरतात. भिंतीवर बघितलं तर कावळा न्हवता. कधी उडाला, कुणाला सांगता आलं न्हाई.

आता व्याही न्हाईत. गेल्या साली गेले. गोठ्यामागचे बांबू तेलानं काळे झालेले होते. बांधायला दत्ता बसला. म्या दोरी दुप्पट नेली होती. उरली. ती नव्या घराच्या खुंटीला अजून टांगलेली हाय, काढायला हात होत न्हाई.

पण त्या दिवशी टेम्पो रिकामाच परत गेला आणि व्याही आमच्याकडंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ते अंगणात निजलेले होते. म्या त्यांना डोक्यापासून टाचेपर्यंत एकदा बघितलं, अंगावरचं पांघरूण सारखं केलं, टोपी घातली, दत्ताला घेऊन पहिल्या गाडीनं धाराशिवला गेलो, आणि बँकेच्या बाईंनी जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली.