दोन दिवस माझ्या वावरात कोण होतं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते... पण ज्याचे आभार मानायचे त्याचा पत्ता मला माहीत नाही, म्हणून इथे लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नाशिकहून आग्रा रोडने आडगावच्या पुढे आमचं वावर, हायवेला लागूनच. झेंडू आणि टोमॅटो. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, तिथेच घोटाळा झाला. आमच्या सरांनी पन्नासच्या दशकातल्या भटक्या अमेरिकन लेखकांच्या झेरॉक्स वाचायला दिल्या होत्या. नोकरी नाही, घर नाही, मिळेल त्या गाडीला हात करायचा आणि वाटेत कविता लिहायच्या! झेंडूला पाणी भरता भरता मी ती पानं वाचायचो आणि हायवेवरचे ट्रक बघत बसायचो. डोकं फिरलं होतं म्हणा ना.

बायकोला, सुरेखाला, सातवा महिना. दसरा आठ दिवसांवर. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, छातीत अधूनमधून दुखायचं. पळून जायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. पण बाळ आलं की आपण कायमचे अडकलो, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

घरी सांगितलं, पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची कॉईल जळली, नाशकात द्वारका चौकात जाऊन नवी आणतो. खोटं खरं वाटावं म्हणून चांगली कॉईल काढून खिशात टाकली. मी नसताना मोटार चालणार नाही, फुलं वाळतील, हे तेव्हा सुचलंच नाही. द्वारकेला इंदूरचा ट्रक मिळाला. तो अर्थातच आमच्या वावरावरूनच गेला. मी मान खाली घातली, तरी नजर गेलीच. झेंडूत कोणीतरी फावडं घेऊन पाणी भरत होतं. वाटलं, अण्णा असतील.

खोटं कशाला बोलू, पहिला दिवस झकास गेला. सेंधव्याचा घाट, ढाब्यावरचा चहा, कोणी हाक मारणारं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूरच्या स्टँडवर एक बाई टोपलीत झेंडू विकत होती. त्या वासाने वावर आठवलं. मिळेल त्या एसटीने परत निघालो. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होतो.

सकाळी घरी पोचलो तर सुरेखा अंगणात फुलं निवडत होती. म्हणाली, "लवकर आले दवाखान्यातून. अण्णांनी पेज घेतली का?"

मला काही कळेना. हळूहळू तिच्याच बोलण्यातून उलगडलं. मी गेलो त्याच सकाळी अण्णा घरात कोसळले. मी म्हणे वावरातून धावत आलो, शेजारच्यांच्या पिकअपमधून त्यांना नेलं, आणि दोन दिवस दवाखाना आणि वावर अशा खेपा घातल्या.

दवाखान्यात गेलो. फॉर्मवर सही माझीच, कॉलेजात बसवलेली, खाली दोन रेघांची. अण्णा म्हणाले, "लय पळाला रे. आता घरी जाऊन जरा पड."

मी पंपाच्या खोलीत गेलो. मोटार चालू. बंद करून स्टार्टरचा डबा उघडला, आत कॉईल. खिशात हात घातला, तिथेही कॉईल. दोन्हींवर अण्णांनी लावलेला लाल ऑइलपेंटचा ठिपका, एकाच बाजूला ओघळलेला. मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. भीती नव्हती ती. माझ्या वाट्याचं सगळं कोणीतरी करून ठेवलं होतं.

अण्णा पुढे बरीच वर्षं जगले. नातीला सायकल शिकवली त्यांनी. मीही फिरायचा थांबलो नाही. वर्षातून चार दिवस एकटाच जातो, पण सांगून. बॅग सुरेखाच भरते.

स्पष्टीकरण? इलेक्ट्रिशियनला विचारलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. सगळे हसले. पण त्या माणसाबद्दल, तो जो कोण असेल, मनात माया आहे.

सुरेखाला हे सगळं सांगायला मला दहा वर्षं लागली. अण्णांचे दिवस झाल्यावर एका दुपारी सांगून टाकलं. ती शेंगा फोडत होती, थांबली नाही.

"मला म्हाईत होतं," म्हणाली. "दोन दिवस ताटात पडंल ते गुमान खाल्लं त्यानं. तुम्ही कधी खाता?"

"मग विचारलं का नाहीस त्याला, कोण आहेस म्हणून?"

"विचारलं असतं आन तो निघून गेला असता, तर? तुम्ही कुठं आले होते अजून."