परडीतली बाटली

देवाला फसवता येतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कुणी तसं विचारलं असतं तर मी कानावर हात ठेवले असते. पण वागणं तसंच होतं. दर सोमवारी तळ्यातल्या सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला जायचं, संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालायचं, आणि उरलेल्या दिवसांत आपल्याला हवं ते करायचं. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या की भागतं, अशी माझी समजूत होती. हा अनुभव लिहावा की नाही, हे मी आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण माझं नाव घालू नका. म्हणून कुणाचंच खरं नाव घालत नाही.

तिला चंद्रव्वा म्हणू. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातली. लहानपणीच घरच्यांनी तिला यल्लम्माला सोडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती डोक्यावर परडी घेऊन जोगवा मागायची. परडी म्हणजे देवीची वेताची टोपली. तिच्यात देवीचा मुखवटा, कवड्या, भंडारा. त्या परडीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम. बाकीचे दिवस ती ज्या वस्तीत राहायची, तिथला धंदा करायची. मी तिच्याकडे काही वर्षं जात होतो. ती मला मालक म्हणायची. त्या वस्तीत मालक म्हणजे गिऱ्हाईक नसलेला, कायमचा माणूस. या शब्दाचा मला अभिमान होता, हे लिहायला आज लाज वाटते. तिने निरोध पुढे केला की माझा अपमान व्हायचा. मी काय गिऱ्हाईक आहे का, असं म्हणून मी तिचा हात बाजूला करायचो. हळूहळू तिने पुढे करणंच सोडून दिलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. ती पाणी भरायला खाली गेली होती. फळीवरच्या परडीत देवीच्या मुखवट्यामागे मला पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण दिसलं. नियम माहीत असूनही मी हात घातला. आत गोळ्या होत्या. तसल्या बाटल्या मी पाहिल्या होत्या. माझा मामेभाऊ एड्सने गेला, तेव्हा त्याच्या उशाशी त्या असायच्या. तिला तो रोग आहे, तिने तो लपवला, मला दिला आणि मी तो भवानी पेठेतल्या माझ्या घरात नेला, असं सगळं एका क्षणात डोक्यात ठरून गेलं. मी तिला काही विचारलं नाही. बाटली खिशात घातली, ती वर यायच्या आत निघालो आणि बाटली तळ्यात फेकून दिली. समोर देवळाचा कळस दिसत होता.

पुढचे आठवडे कसे गेले ते सांगता येणार नाही. टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. मागावर धागा तुटला तरी माझं लक्ष नसायचं. बायकोपासून मी लांब राहू लागलो. पाठ दुखते म्हणायचो, म्हणून ती रात्री तेल गरम करून आणायची, आणि मी तिला हातही लावू द्यायचो नाही. सिव्हिल हॉस्पिटलात तपासणी होते हे ठाऊक होतं. पण तिथल्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर? म्हणून मी देवालाच धरलं. सोमवारबरोबर गुरुवारचाही उपास धरला. मला यातून सोडव, मी अमुक करीन, तमुक सोडीन. रोज नवा नवस. संक्रांतीला बाराबंदी इस्त्री करून बायकोने खुर्चीवर ठेवली होती. ती अंगात घालायचं मला धाडस झालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मिरवणुकीला गेलो नाही. लांबून हलगीचा आवाज येत होता आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडलो होतो.

त्यानंतरच्या एका मंगळवारी दुपारी दारात जोगव्याची हाक आली. बायको परातीत पीठ घेऊन गेली. तिच्या मागे मी गेलो आणि दारातच थिजलो. चंद्रव्वा होती. इतकी वर्षं ती आमच्या गल्लीत कधी आली नव्हती. पण परडी डोक्यावर असली की जोगतिणीला कुठल्याही दारात उभं राहता येतं, कुणी का आलीस म्हणून विचारत नाही. बायकोने जोगवा वाढला, परडीला हात जोडले आणि वाकून तिच्या पाया पडली. चंद्रव्वाने एक पाऊल मागे घेतलं. मग पाणी मागितलं. बायको आत गेली.

चंद्रव्वा खालच्या आवाजात म्हणाली, “मालक, एकच इचारते. परडीतली माजी बाटली गेली. मी म्हणलं, देवीनंच न्हेली. तिच्या टोपलीत आपण औषीद ठिवलं, तिला आवडलं नसंल. म्हणून दुसरी आणलीच न्हाय. पर तवापासनं तुमीबी आला न्हाय. खरं सांगा, तिनं न्हेली का तुमी?”

देवीने नेली, एवढंच म्हणायचं होतं. ती निघून गेली असती. माझी बायको आतून तांब्या घेऊन आली असती आणि दुपार होती तशी राहिली असती. तोंडाशी तेच शब्द आले होते. ते कसे फिरले, मला माहीत नाही. मी म्हणालो, “मी नेली. तळ्यात टाकली. रोग लपवून ठेवलास आणि वर मला विचारतेस?”

ती म्हणाली,

“रोग न्हाय म्हणून तर खात हुते की ती गोळी. व्हायला नको म्हणून आसती ती. बाकी समद्यास्नी मी निरोध लावायला लावते. तुमी लावत न्हाय. तुमच्यापायीच सुरू केली मी.” मग म्हणाली, “गोळी थांबली, धंदा कुटं थांबतोय? मदी निरोध फाटला एकदा. आता तपासायचंबी भ्या वाटतंय.”

बायको तांब्या घेऊन मागे उभी होती. तिने कुठपासून ऐकलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. तिने आधी चंद्रव्वाला पाणी दिलं. ती पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “अक्का, आत या. दारात बोलायचं न्हाय हे.”

चंद्रव्वाने परडी भिंतीशी टेकवली आणि भंडाऱ्याच्या वाटीखालून दोन चपट्या पेट्या काढल्या. त्यांच्या वस्तीत आरोग्याचं काम करणारी एक ताई होती, तिनेच पूर्वी ही गोळी सुरू करून दिली होती. घरच्या घरी तपासणी करायच्या या पेट्याही तिनेच दिल्या होत्या, एक चंद्रव्वासाठी आणि एक मालकासाठी. बायकोने हात पुढे केला. चंद्रव्वा म्हणाली की दोनच हायत, वैनी. आणि दोन्ही पेट्या तिने आमच्यापुढे सरकवल्या. मी घेईन दुसरी, म्हणाली.

घरी कुणी आलं की बायको आधी चहा टाकते. त्या दिवशीही सवयीने ती ओट्याकडे वळली. चंद्रव्वा म्हणाली, “चा नंतर. आदी तोंडात कायबी घालायचं न्हाय.” बायकोने गॅस बंद केला आणि हसावं की रडावं तसं तिचं तोंड झालं. मग चंद्रव्वाने दाखवल्याप्रमाणे आम्ही हिरडीवरून काडी फिरवली, नळीतल्या पाण्यात उभी केली आणि थांबलो. एक रेघ आली तर चांगलं, दोन आल्या तर हॉस्पिटलात जाऊन पक्की तपासणी करायची. मी सवयीने नवस बोलायला लागलो आणि मधेच थांबलो. द्यायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. समोर चंद्रव्वा भिंतीला टेकून बसली होती. माझ्या हाताने तिचं औषध गेलं, तो दोष तिने देवीचा मानला, आणि देवीचाही नाही, स्वतःचा. मी मनात एवढंच म्हणालो, हिला सांभाळ. इतक्या आठवड्यांत स्वतःखेरीज दुसऱ्या कुणासाठी मागितलेलं ते पहिलंच मागणं.

दोन्ही काड्यांवर एकेकच रेघ आली. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. चंद्रव्वाला म्हणाली, “आता तुमची.” ती म्हणाली, उद्या बघते. बायकोने पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, “रिक्षा आणा.”

भर दुपारी आम्ही तिघं एका रिक्षातून त्या ताईच्या दवाखान्यात गेलो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. एड्स तपासणीच्या ज्या पाटीखाली कुणी आपल्याला पाहील म्हणून मी मेल्यासारखा जगत होतो, तसल्याच पाटीखालून बायकोच्या मागोमाग आत शिरलो. चंद्रव्वाचीही एकच रेघ आली. ताईने समजावून सांगितलं की अलीकडची लागण लगेच दिसत नाही, म्हणून तिघांनीही काही महिन्यांनी परत तपासायचं. चंद्रव्वाला तिथल्या डॉक्टरांनी तपासून नवी बाटली दिली. तिने भीतभीत विचारलं, देवीच्या परडीत ठेवली तर चालेल ना? ताई म्हणाली, रोज पूजा करतेस ना, मग तिथे ठेवलीस तर विसरणार नाहीस. ऐकून चंद्रव्वा रडायला लागली. माझ्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. निघताना चंद्रव्वा मला एवढंच म्हणाली, “मालक, आता येऊ नका.”

मी गेलो नाही. दुसऱ्यांदा तपासणी झाली, तिघंही सुखरूप आहोत. घरात मात्र सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. बायको आतल्या खोलीत झोपते, कामापुरतं बोलते. मंगळवारी चंद्रव्वा आली की तिला आत बोलावते, चहा देते. तेव्हा मी बाहेर जातो. हे असंच असायला हवं.

हा सगळा योगायोग, असं कुणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं, की ज्या आठवड्यांत मी देवाकडे कृपेची भीक मागत होतो, त्याच्या कितीतरी आधीपासून ती कृपा होत होती. एक बाई रोज देवीपुढे बसून एक गोळी गिळत होती, आणि तिच्याबरोबर मी आणि माझं घरही वाचत होतो. मी तीच उचलून फेकली, तरी ती माझ्या दारात आली. देवावर भार टाकणं म्हणजे नवस बोलून मोकळं होणं, असं मी समजत होतो. कुणी खरं विचारलं तर खरं सांगायचं आणि पुढचं त्याच्या हाती सोडायचं, एवढंच ते होतं. तेवढं कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

सोमवारी आता बायको आणि मी दोघं देवळात जातो. ती पुढे चालते, मी मागे. गाभाऱ्यासमोर मी काही मागत नाही, नुसता उभा राहतो. मागच्या सोमवारी गर्दी फार होती. पायऱ्या उतरताना तिने एकदा मागे वळून पाहिलं, मी येतोय ना एवढंच बघायला, आणि परत चालू लागली. मला तेवढं पुष्कळ आहे.