कॅमेऱ्यामागचं बोलणं

इकडं ये बघू. अशी माझ्याजवळ सरकून बस. तू हुबळीत, मी सोलापुरात, सरकू कशी म्हणशील. पण मला लिहायची एकच रीत येते, माणूस समोर बसवायचं आणि बोलायला लागायचं. आणि आधी थोडं रागवू दे. दिवाळीला फोन करतेस, "सगळे बरे हाईत न्हवं?" म्हणतेस, आणि मी व्हय म्हणायच्या आत ठेवून देतेस. असं असतं व्हय गं? तुझ्या सख्ख्या बहिणीची लेक या घरात आहे. अकरावीला गेली ती. तुझ्यापेक्षा उंच झाली असेल. असेल म्हणते, कारण दोघींना शेजारी उभं राहिलेलं मी शेवटचं कधी बघितलं?

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. वर्षश्राद्धाला आलीस, आमच्या ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "अत्ती, माझी अक्का मरायली व्हती आणि तुमी सगळे पाण्यात नाचायलता. सीडीत सगळे हाईत. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा हाय. माझी अक्का तेवढी न्हाय." मी भाजीत पळी फिरवत राहिले. तुला वाटलं, हिच्याकडं उत्तर नाही. उत्तर होतं गं. पण ते तुझ्या आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं माझ्या लेकानं मला सांगितलं होतं. आता तुझी आईही गेली. आता सांगते. शेवटपर्यंत ऐक, मधे उठून जाऊ नकोस.

तुझी अक्का, आमची सून, तिच्या कॅन्सरची औषधं डॉक्टरांनी थांबवली तो महिना. "आता जे आवडतं ते करून घ्या," म्हणाले. सुनेनं काय मागावं? पोरीनं टीव्हीवर पाण्याच्या पार्कची जाहिरात बघितली होती, पुण्याच्या पुढं घाटाजवळ कुठंतरी आहे ते, उंच घसरगुंड्या, पाळणे, लाटा येणारं तळं. पोर तीन वर्षांची. दिवसभर पाट तिरका लावून त्याच्यावरून घसरायची आणि "पार्क, पार्क" ओरडायची. सून म्हणाली, "हिला तितं न्यायचं." झालं, ठरलं.

भांडण झालं ते कॅमेऱ्यावरून. तेव्हा आमच्या घरात मोबाइल म्हणजे नुसतं बोलायचं डबडं. लेक म्हणाला, "गल्लीच्या तोंडाशी लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओवाला हाय, तो व्हिडिओ कॅमेरा भाड्यानं देतो. कॅसेट त्याचीच. आपण घ्यायचं, आणून द्यायचं, तो सीडी करून देतो." आमचे हे लगेच म्हणाले, "फिरायला चाललोय का पिक्चर काढायला? डोळे दिलेत न्हवं देवानं? मी पोरपणी माढ्याच्या बाजारात अस्वलवाला बघितला, तो अजून जसाच्या तसा सांगतो. तितं कुटं कॅमेरा व्हता?"

"तो अस्वलवाला आमाला पाठ झालाय," मी म्हटलं.

पण खरं नको होतं ते तुझ्या अक्काला. केस गेलेले, तोंड सुजलेलं, डोक्याला सदा रुमाल. आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला होता. नवऱ्याला म्हणाली, "हे तोंड पोरीच्या ध्यानात ऱ्हायला नको. लग्नातला फोटो हाय की भिंतीवर. तीच तिची आई." लेक उठून बाहेर गेला. मी तिच्याच बाजूची होते. म्हटलं, तिला नको तर नको. कॅमेरा काही प्रसाद नव्हे, सगळ्यांनी घेतलाच पाहिजे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटेसाठी धपाटे थापत होते. ती माझ्याजवळ पाटावर भिंतीला टेकून बसली होती, हे दारात पेपर वाचत होते. तिनं यांना विचारलं, "मामा, अस्वलवाला बघितला तवा तुमी केवढे व्हतात?"

"असंन साताठ वर्षांचा."

"आणि तीन वर्षांचे व्हतात तवाचं काय आठवतं?"

यांनी पेपर खाली केला. लई वेळ विचार केला बिचाऱ्यांनी. आठवेना. मग तिनं मला विचारलं, "अत्ती, तुमाला?" मलाही आठवेना. धपाटं तव्यावर करपलं, ते उलथायचं सुद्धा सुचलं नाही कुणाला.

मग ती म्हणाली, "घेऊ दे त्यांना कॅमेरा. पण माझ्या हातात दिला तर. मी शूटिंग करीन. माझं तोंड यायचं न्हाय आणि बोलणं तेवढं येतंय. पोरीला मोठी झाल्यावर बोलणं असू दे माझं. तोंड भिंतीवरचं, बोलणं टीव्हीतलं." आणि हसली. "दोन्ही जोडून घेऊ दे तिची ती."

आलं का ध्यानात? म्हणून ती सीडीत नाही. आम्ही तिला घेतलं नाही असं नाही गं. कॅमेरा तिच्याच हातात होता.

पहाटे गाडी करून निघालो. पार्कच्या दारात खाण्याचे डबे आत नेऊ देईनात. मग बाहेर झाडाखाली बसून सगळे धपाटे, शेंगांची चटणी संपवली, आणि रखवालदारालाही खायला घातलं. आत गेलो तर साडी नेसून पाण्यात जायचं नाही म्हणे. मला त्यांनी नायलॉनची निळी चड्डी आणि सदरा भाड्यानं दिला. मी त्यात, या वयात! सून तळ्याच्या काठाला सावलीत खुर्चीवर बसलेली, कॅमेरा मांडीवरच्या पिशवीवर टेकवलेला, कारण हात थरथरायचा. मला बघून एवढी हसली की कॅमेराच हलला. "अत्ती, लई भारी दिसायलाय. जरा वळा की. मामा, तुमी पोट आत घ्या, कॅमेऱ्यात मावंना झालंय." हे म्हणाले, "मग कॅमेरा मोठा आणायचा!" ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, माजं पण काडा की." तिनं काढलं. त्याला म्हणाली, "आता घरी बायकोला सांगा, आमची ड्युटी लई अवघड अस्तीया म्हणून."

नवऱ्याशी मराठीत, आमच्याशी मराठीत, आणि लेकीशी कानडीत. तुमच्या घरची बोली ती, अक्कलकोटच्या पलीकडची. मला त्यातलं चार शब्दांपलीकडं कधी येत नव्हतं. "इल्लि नोडु, इल्लि नोडु," म्हणायची पोरीला, इकडं बघ म्हणून. एवढं मला कळायचं.

दुपारी पोर पाण्यातून कुडकुडत बाहेर आली. आईनं तिला टॉवेलात गुंडाळून समोर पायरीवर बसवलं, आणि कॅमेरा तिच्या तोंडावर धरून बोलायला लागली. हळू, थांबत थांबत, लई वेळ. पोर मधेच काहीतरी उत्तर द्यायची, मान हलवायची. एकदा हसली. एकदा "अं हं" म्हणाली. मी शेजारीच बसले होते, ओले केस पुसत. सगळं कानडीत चाललेलं. काय बोलतेस गं, असं विचारावंसं वाटलं मला. पण म्हटलं, मायलेकींचं चाललंय, मधे कशाला तोंड घालू. कॅसेटमधे उतरतंयच की. मग तिची बहीण येईल, ती सांगेल आपल्याला अर्थ. खरं सांगते, तुझंच नाव घेतलं होतं मनात.

कॅमेरा असला की असं होतं बघ. कान त्याच्याकडं सोपवून माणूस मोकळा होतो.

घरी आलो. लेकानं कॅमेरा आणि कॅसेट स्टुडिओवाल्याला नेऊन दिली. लग्नसराई चालू, तो म्हणाला, थोडा वेळ लागेल. त्याला वेळ लागला आणि तुझ्या अक्काकडं वेळ नव्हता. ते दिवस तुला माहीत आहेत, तू होतीसच, ते काही मी लिहीत नाही.

तेराव्यानंतर सीडी आली. दुपारची वेळ होती. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो, पोर मांडीवर. लेकानं सीडी घातली. आधी गुलाबाची फुलं पडली, मग आमच्या नावांची अक्षरं गोल फिरत आली, आणि सिनेमातलं गाणं सुरू झालं. हे पाण्यात उभे, तोंड हलतंय, आणि वर गाणं. मी निळ्या सदऱ्यात वळतेय, गाणं. यांना वाटलं आवाज बारीक आहे. म्हणाले, "आवाज वाढव की रं." लेकानं वाढवला. गाणं मोठं झालं.

एक गाणं संपलं की दुसरं. मधे ना पाण्याचा आवाज, ना माणसाचा. पोरीचं तोंड आलं टॉवेलातलं, त्याच्याभोवती बदामाची चौकट काढलेली, आणि तिचे ओठ हलताहेत, आणि वर नाचायचं गाणं. गाणं नाचायचं म्हणून आमची पोर मांडीवरून उतरली आणि नाचायला लागली. तीन वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतंय. हे उठून मोरीत गेले आणि उगीच नळ सोडून उभे राहिले.

लेक तसाच स्टुडिओत गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, परत कधी नाही. स्टुडिओवाला म्हणाला, "सर, मागनं एक बाई सारखी बोलायली व्हती. लई डिस्टर्ब व्हायलतं. म्हणून सगळा आवाज काढून टाकला, क्लीन केलं, गाणी टाकली." लग्नाच्या सीडीत तसंच करतात की. भटजी खोकतो, आचारी ओरडतो, सगळं काढून वर गाणी. आमच्यासाठी त्यानं जास्तीची मेहनत घेतली होती बिचाऱ्यानं. लेकानं विचारलं, कॅसेट कुठाय? तर तिच्यावर करकंबचं एक लग्न उतरवून झालं होतं.

स्टुडिओवाल्यानं विचारलं, "का सर, आवडलं न्हाय व्हय?"

माझा लेक म्हणाला, "आवडलं."

घरी येऊन मला म्हणाला, "आई, तिच्या माहेरी सांगायचं न्हाय. बोलणं नव्हतंच असं वाटलं तर वाटू दे. व्हतं आणि पुसलं गेलं हे तिच्या आईला सोसणार न्हाय." तुझ्या आईचं काळीज तेव्हाच थकलेलं. कॅमेरा तिच्या हातात होता एवढंच सांगितलं असतं, तरी तिनं विचारलंच असतं, मग माझ्या लेकीचं बोलणं कुठाय? तिनं नातीला बघायला म्हणून सीडी मागितली, ती द्यावी लागली. तीच तू बघितलीस. त्यात आम्ही नाचत होतो. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असते तर त्यापेक्षा वाईट बोलले असते.

पोर पुढं काही महिने आमच्याशी कानडीत बोलायची. पाणी मागायची, आई कुठाय विचारायची, ते सगळं कानडीत. आम्ही मराठीत उत्तर द्यायचो. हळूहळू तिनं कानडी सोडली. कुणी सोडवली नाही, समोरून येईनाच तर ती तरी किती दिवस बोलणार. आता तिला एक शब्द येत नाही. आई कशी बोलायची, असं मला विचारते. मी नक्कल करून दाखवते. "मामा, पोट आत घ्या" ते दाखवते, ती हसते. पण ते माझंच बोलणं होतं गं शेवटी, म्हातारीचं.

आता सीडी तिच्या मोबाइलमधे आहे. मागच्या महिन्यात ती अभ्यासाच्या टेबलावर ते बघत बसली होती, आवाज बंद करून. मी विचारलं, "गाणी नकोत व्हय?" म्हणाली, "गाण्यामुळं काही दिसत नाही आजी." मग मला जवळ ओढून म्हणाली, "हे चित्र सारखं हलतंय बघ. हा आईचा हात आहे." एवढी वर्षं मी ती सीडी बघून डोळे पुसत आले, मला नाही दिसलं ते.

मग तिनं टॉवेलातलं तोंड लावलं. बदाम सोडून मधलंच बघायचं म्हणाली. तिचे स्वतःचेच ओठ हलताहेत. पुन्हा लावलं, पुन्हा. "आजी, मी काय बोलतेय इथं?"

मी म्हटलं, "कानडी हाय ते बाळा. मला नाही कळत."

"मी काय उत्तर दिलं ते कळलं तर आईनं काय विचारलं ते कळेल ना?"

काय सांगू मी तिला? ओठ बघून बोलणं कळतं का, मला माहीत नाही. पण ती बोली तुझी आहे. तुम्ही दोघी तिच्यातच वाढलात, भांडलात. तुझ्या अक्काची विचारायची पद्धत तुला ठाऊक आहे, तीन वर्षांचं पोर तुमच्याकडं काय उत्तर देतं ते ठाऊक आहे. स्टुडिओवाल्यानं त्यातलं अगदी थोडं ठेवलंय, पण ठेवलंय. जगात दुसरं कोणी ते ओळखणारं उरलेलं नाही. मी सत्तरी ओलांडली, मला फार दिवस हे असं टांगून ठेवता येणार नाही.

माझ्यावरचा राग तसाच ठेव हवा तर, सोबत घेऊन ये, त्याला मी चहा देईन. पण ये. हुबळीहून सकाळी निघालीस तर उजेडाउजेडी पोचतेस. पोरीच्या शेजारी बस, ते तोंड बघ, आणि कळलं तर तिला सांग, मला नाही सांगितलंस तरी चालेल. नाहीच कळलं, तर तिच्याशी दोन दिवस कानडीत बोल नुसती. ती बघ कशी ऐकते. या रविवारी जमतंय का बघ, नाहीतर पुढच्या. कॉलेजची सुट्टी लागेपर्यंत थांबू नकोस.