पावट्याचा काठ

आमच्या हायस्कूलमधल्या सगळ्या बाई एकदा माझा पावट्याचा वेल नेसून आल्या होत्या, आणि मी दारात उभी राहून त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडत होते. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. सांगायला गेलं की लोकांना वाटतं, एवढ्याशा चित्राचं काय घेऊन बसलीस. मग गप्प बसायची सवय लागली. बँकेच्या नोकरीसाठी निपाणीत एकटी राहायला लागल्यावर ती सवय फार कामाला आली.

तेव्हा मी नववीत होते. आमचं घर बेळगावात, वडगावला. पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन पॉवरलूम. शेडच्या पत्र्यावर आईने पावट्याचा वेल चढवला होता. चित्रकलेच्या सरांनी साडीच्या काठाची नक्षी काढायला सांगितली तेव्हा बाकीच्या मुलींनी मोर काढले, कुयऱ्या काढल्या. मी आमचा वेल काढला. शेंग खाली लोंबते हे मलाही माहीत होतं, पण आमची एक शेंग पत्र्याच्या खिळ्यात अडकून वर तोंड करून वाढली होती आणि तिचा तो हट्ट मला आवडायचा.

"शेंग उलटी काढलीस गं," सर म्हणाले.

"आमची तशीच आहे, सर."

ते हसले. मार्क चांगले दिले, पण कागद ठेवून घेतला.

पुढे शाळेचा मोठा समारंभ ठरला. सगळ्या बाईंनी एकसारख्या साड्या नेसायच्या, आणि त्याही शाळेच्या स्वतःच्या डिझाइनच्या, अशी टूम निघाली. शाळेच्या कमिटीत एक साडीचे व्यापारी होते. आमच्याकडे त्यांना सावकार म्हणतात. सूत आणि डिझाइन सावकार देतो, विणकर मजुरीवर साडी विणून देतो. माझे अप्पा याच सावकारांचं काम करायचे. एके दिवशी मी शाळेतून आले, नेहमीसारखी शेडमध्ये डोकावले, तर चालू मागावर काठात माझा वेल उतरत होता. शेंग वर तोंड करून.

आधी मला इतका आनंद झाला की खांद्यावरचं दप्तर काढायचं सुचलं नाही. मला वाटलं, हे माझं आहे हे अप्पांना कुणीतरी सांगितलंच असणार. मी ओरडून काहीतरी म्हणाले. त्या खडखडाटात ऐकू जाईना, म्हणून त्यांनी माग थांबवला.

"अप्पा, हे डिझाइन माझं हाय. मी काढलंय, शाळेत."

"व्हय?" त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "झ्याक हाय की. मग?"

"मग माझं नाव कुठं हाय?"

अप्पांना खरोखरच प्रश्न कळला नाही. "अगं, इतकी वर्सं इनतोय मी. माझं नाव कंच्या साडीवर बघितलंस? आपण इनायचं अन् द्यायचं." एवढं बोलून त्यांनी माग सुरू केला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. सर म्हणाले, "कागद शाळेचा, रंग शाळेचे, तास माझा. शाळेत केलेलं काम शाळेचं असतं गं. शाळेचं नाव होतंय, आनंद मान." निदान कागद तरी परत द्या, असं मी म्हणाले, तर तो सावकारांकडे गेला होता आणि तिथून परत येणार नव्हता. सर काही वाईट नव्हते. पण शेंग त्यांच्या पत्र्यावर वाढली नव्हती, एवढं त्यांना कोण सांगणार? वर्गात मैत्रिणींना सांगितलं तर एक जण म्हणाली, पावट्याचा वेल काय तुमच्या एकट्यांच्याच दारात असतो व्हय? सगळ्या हसल्या. मग मी मधल्या सुट्टीत एकटीच बसायला लागले. कुणी चौकशी केली नाही.

घरी मी शेवटचं एकदा विचारून बघितलं. "अप्पा, त्यातली एक साडी मला पायजे. नेसायला न्हाय, ठेवायला."

"मोजून असत्यात गं," अप्पा म्हणाले. "एक बी मागं ठेवता येत न्हाय."

साड्या द्यायच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून गठ्ठा धरायला मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेले. सावकार पेढीवर एकेक साडी उलगडून उजेडात धरत होते. एका साडीपाशी ते थांबले. वीतभर पट्टी विरळ सुटली होती, आरपार दिसत होतं. आडव्या धाग्याची कांडी संपली आणि माग तसाच चालू राहिला की असं होतं.

"डोळं गेलं काय रं तुझं?" सावकार म्हणाले. आणखी दोन विणकर तिथे बसले होते. अप्पांचं काम बिनडाग असतं असं सगळं वडगाव म्हणायचं. अप्पा खाली बघत म्हणाले, "ध्यान न्हवतं, सावकार." पेढीचा नियम होता. डागी साडी विणकराच्या गळ्यात आणि तिचं सूत मजुरीतून वजा. अप्पांनी ती साडी घडी करून काखेत मारली.

घरी आल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "ही आता कुणाची न्हाय. ठेव तुला."

मला भयंकर राग आला. चांगल्या होत्या त्या बाईंना, आणि मला फाटकातुटका तुकडा. मी त्या साडीला हातही लावला नाही. आईने ती उचलून ट्रंकेत टाकली.

समारंभात बाई रांगेने आल्या. माझा वेल त्यांच्या पायांशी हलत होता. स्टेजवरून सांगण्यात आलं की या साड्यांचं डिझाइन शाळेच्या कलाविभागाने केलं आहे. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. त्यानंतर मी चित्रं काढली ती मार्कांपुरती. दहावीनंतर तीही सुटली.

अप्पा तीन वर्षांपूर्वी गेले. माग भंगारात गेले, आणि शेड इतकी शांत झाली की आई तिकडे जायचीच टाळते. मी शनिवार-रविवार घरी जाते. मागच्या थंडीत आईने ट्रंक उपसली, तेव्हा ती साडी वर आली. मी सहज म्हणाले, "अप्पांच्या हातची एकच डागी साडी, आणि ती नेमकी माझ्या नशिबी."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "तुला ठावं न्हाय व्हय? अगं, कांडी संपत आली की त्यास्नी झोपंत बी कळायचं. मी तिथंच हुते. म्हटलं, अवो, कांडी संपली. तर म्हणालं, असू दे."

मी साडी उलगडली. विरळ पट्टी कमरेला खोचतात त्या टोकाला होती, नेसल्यावर कुणाला दिसणार नाही अशी. ती पट्टी सोडली तर काठावर आणि पदरावर कुठे एक धागा चुकलेला नव्हता. डाग पाडतानासुद्धा त्यांनी माझा वेल सांभाळला होता. पेढीवर सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे असलेले अप्पा मला आठवले, आणि मी त्यांच्या शेजारीच उभी असून ते तिथे किती एकटे होते हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आता रडून काय उपयोग होता, पण मी रडले. आई कपड्यांच्या घड्या करत राहिली.

परवा मी ती साडी नेसून बँकेत गेले. शेजारच्या काउंटरवरची नवी मुलगी काठ हातात धरून म्हणाली, "काय गोड आहे हो, शेंग वर बघतेय. कुठून घेतली?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारत होतं. माझं डिझाइन आहे, हे वाक्य नववीपासून माझ्याकडे तयार होतं. पण ते अर्धंच होतं.

"घरची आहे," मी म्हणाले.

तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं.