सातव्या बुधवारचं घर

आमच्या लुथरन ख्रिस्ती मंडळीत घरं सात. रविवारी सकाळी नऊला उपासना, जांभ्या दगडाच्या एका जुन्या कौलारू खोलीत. पाळकसाहेब कोल्हापूरहून महिन्यातून एकदाच यायचे, हातखंब्याला गाडी बदलून, झग्याची पिशवी मांडीवर सांभाळत. बाकीच्या रविवारी पोस्टातून निवृत्त झालेले आमचे वडीलजन, म्हणजे मंडळीनं निवडलेले पुढारी, छापील प्रवचन वाचायचे. ते इतकं सावकाश वाचायचे की पुढच्या बाकावर खुशाल डुलक्या चालायच्या. मंगळवारी बायकांची सभा, शनिवारी झाडलोट आणि फळीवर गीतांचे आकडे लावणं. आणि बुधवारी तिन्हीसांजेला घरप्रार्थना, एकेका घरी पाळीनं.

पाळीची यादी माझ्याकडे असायची. मी शाळेत बाई, त्यात लग्न होऊन आलेली घाटावरची. माझ्या जिभेला हाड नाही असं सासरी सगळे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. यादी म्हणजे यादी. पाहुणे आलेत, नळाला पाणी नाही, असली कारणं मी ऐकून घेत नसे. सात आठवड्यांनी पाळी येते, तेवढं जमवता येत नाही होय?

सातवं घर माझ्या मैत्रिणीचं. खाडीकाठच्या राजिवड्याच्या वरच्या अंगाला, फणसाखाली, एकटंच. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. रेल्वे सुरू झाली त्या वर्षी तो मुंबईला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग पत्रं थांबली. पत्ता शोधत माणूस पाठवला तर त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड. तिनं कधी रडून दाखवलं नाही, फक्त कुत्रं भुंकलं तरी उठून दारात जायची.

ती शेवटची आजारी पडली तेव्हा दवाखान्यात मी जवळ होते. माझा हात धरून म्हणाली, "बाय गो, माझी पाळी चुकवू नको. माझा पोरगा येईपर्यंत घर यादीतून काढू नको. तो दारात येईल तेव्हा त्याला कळू दे, की आपल्याला कोणी टाकलेलं नाय."

मी म्हटलं, "नाही काढणार. माझा शब्द आहे." दुसऱ्या दिवशी ती गेली. घराला कुलूप लागलं, किल्ली तिच्या चिपळूणच्या पुतण्यानं नेली.

पहिल्यांदा त्या घराची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी कुरकुर केली. बंद घरापुढे कसली प्रार्थना? मी म्हटलं, "कुलूप दाराला आहे, पडवीला नाही. चला." गेलो. पडवीत फणसाची पानं घोट्यापर्यंत साचलेली. पायानं बाजूला सारून चटया टाकल्या, मेणबत्ती लावली.

आता आमच्या घरप्रार्थनेची एक पद्धत सांगायला हवी. गीत आणि वचन झालं की वडीलजन विश्वासाच्या प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर घरच्या माणसानं द्यायचं, तोंडपाठ. ही आमची जुनी खोड. माझ्या मैत्रिणीनं मुलाला ती सगळी उत्तरं चुलीपुढे बसवून पाठ करून घेतली होती. एक शब्द गाळला की उलथन्याचा दांडा पोटरीवर. मी स्वतः पाहिलंय. पोरगा रडत रडत उत्तर पुरं करायचा आणि मग तीच त्याला तव्यावरचं पहिलं घावन द्यायची.

त्या दिवशी वडीलजनांनी सवयीनं प्रश्न विचारला, तोही कुलूपबंद दाराकडे तोंड करून. मग त्यांच्याच लक्षात आलं. खालून खाडीचा वारा, वर पानांची सळसळ. शेवटी तिच्या वतीनं मीच उत्तर दिलं. तेव्हापासून तिथे तसंच ठरून गेलं.

सात आठवड्यांनी पुन्हा गेलो तर पडवी लख्ख झाडलेली. एक पान नाही. मला वाटलं, मागच्या बाजूच्या शेजारणीनं झाडली. ती मुसलमान बाई, नवरा मस्कतला, दोन पोरं घेऊन राहायची. मी कुंपणावरून हाक मारली, "तू झाडलंस होय गं?" तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि उत्तर न देता आत निघून गेली. मला राग आला. म्हटलं, शिंची, हो किंवा नाही म्हणायला काय जातं!

प्रार्थना सुरू झाली. विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली, म्हणायला आम्ही उभे राहिलो आणि दारामागे खुर्ची करकरली. बसलो, पुन्हा करकरली. मी डोळे उघडून बाकीच्यांकडे पाहिलं, तर सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण फार घट्ट मिटलेले. लहान पोरं झोपेचं सोंग घेताना मिटतात तसे.

प्रार्थना झाल्यावर मात्र घाबरल्याचं कुणी कबूल करेना, म्हणून की काय, नेहमीपेक्षा जास्त गप्पा झाल्या. कुणीतरी सांगितलं, चिपळूणकडचा एक माणूस मुंबईहून ते दुखणं घेऊन परत आलाय. त्या वर्षांत त्या दुखण्याचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. घरच्यांनी त्याला गोठ्यात ठेवलंय, ताट वेगळं, पाण्याचा डबा वेगळा. मी म्हणाले, "मग काय चुकलं? मजा मारताना घर आठवलं नाही ना? असल्याला दारात तरी कशाला उभं करायचं!"

वडीलजनांनी मान डोलावली. आणि आत काहीतरी पडलं. जड नव्हे, पुस्तक पडावं तसा आवाज. "मांजर असेल," कोणीतरी म्हणालं. आम्ही चटया गुंडाळल्या त्या दिवशी फार लवकर.

तिसऱ्या वेळी पडवी झाडलेली तर होतीच, वर उंबऱ्याजवळ पाण्याचा तांब्या आणि पालथे घातलेले पेले. तांब्या मी लगेच ओळखला. पितळेचा, काठाला पोचा गेलेला. तो पोचा माझ्यासमोर पडला होता, विहिरीच्या काठावर. कुलूप लावायच्या दिवशी तो तांब्या मी माझ्या हातानं आतल्या फळीवर ठेवला होता. आणि कुलूप तर तसंच होतं, गंजून तांबडं झालेलं, त्यावर कोळ्याचं जाळं.

मी कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर प्रार्थना तिथेच संपली असती. पाणी कोणी प्यायलं नाही. मीही नाही. सबंध वेळ मी मेणबत्तीकडे बघत होते. वारा खाडीकडून होता, आमच्या पाठीमागून. पण मधूनच ज्योत उलटी, आमच्याकडे वाकायची. दाराखाली बोटभर फट होती. तिथून कोणीतरी श्वास सोडत असल्यासारखी ती थांबून थांबून हलायची.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी मैत्रीण आहे ना ती? मग भितेस कशाला?" बोलायला सोपं आहे. जिवंत असताना जिच्या मांडीवर डोकं टेकलं, तीच मेल्यावर दारामागे बसलीय म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. दर रविवारी मी खणखणीत आवाजात म्हणते, की मेलेले उठतील यावर माझा विश्वास आहे. पण ते शेवटच्या दिवशी, सगळ्यांच्या बरोबर. राजिवड्यात, एकटं, बुधवारी नाही.

चौथी पाळी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आली. उकडत होतं. वडीलजनांनी प्रश्न विचारला तो रोजच्या भाकरीचा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तर त्या भाकरीत काय काय येतं? उत्तर म्हणजे एक लांबलचक यादी आहे: खाणंपिणं, कपडा, घर, शेत, भले राज्यकर्ते, चांगलं हवामान, आरोग्य, असं करत करत. मला झोपेतून उठवलं तरी येतं ते. पण त्या दिवशी माझे कान दाराकडे लागलेले. खुर्ची करकरली होती, आणि त्यानंतर कोणीतरी दाबून खोकलं होतं. मी म्हणत गेले, सच्चे मित्र इथपर्यंत आले आणि अडकले. पुढचं आठवेना. सगळे माझ्याकडे बघतायत. मी पुन्हा म्हटलं, "सच्चे मित्र, आणि..."

दाराच्या पलीकडून, अगदी फळीला तोंड लावून बोलावं तितक्या जवळून, कोणीतरी म्हणालं, "आणि चांगले शेजारी."

आवाज घोगरा. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, पुरुषाचा म्हणावा तर तेवढं बळ नाही. पण म्हणायची चाल माझ्या मैत्रिणीची. अक्षर न अक्षर तिच्यासारखं ठेवून, शेवटाला खाली सोडलेलं.

आम्ही पळालो. खोटं कशाला सांगू? चटया, मेणबत्ती, गीतांची पुस्तकं सगळं तिथेच. वडीलजनांची एक चप्पल फणसाखाली राहिली. मी सगळ्यांच्या पुढे होते.

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. ते घर गाळायचं असं बाकीच्यांनी एकमतानं ठरवलं. वडीलजनांनी विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?" मैत्रिणीचा हात आठवला, तो शब्द आठवला. आणि तो आवाजही आठवला. मी वही उघडली आणि सातव्या नावावर स्वतःच्या हातानं रेघ मारली. मनात तिला म्हटलं, तूच घाबरवलंस, मी काय करू? वस्तूंसाठी कोणी परत गेलं नाही. सोमवारी सकाळी त्या सगळ्या आमच्या उपासनेच्या खोलीच्या पायरीवर नीट रचून ठेवलेल्या सापडल्या, चप्पल सुद्धा. ते पाहून तर बायकांची बोबडी वळली.

त्यानंतर पाळी सहा घरांतच फिरू लागली. पावसाळा लागला. त्या घराच्या दोन पाळ्या गेल्या असत्या, तेवढे दिवस गेले.

एका रविवारी धो धो पाऊस. दुसरं गीत चालू असताना दारात ती शेजारीण येऊन उभी राहिली, ओढणीतून पाणी गळतंय. आत येईना. मी उठून बाहेर गेले.

"बाई, तुमचा माणूस गेला," ती म्हणाली. "पहाटे गेला. तुमच्या रिवाजानं माती द्यायला चला."

"कोण आमचा माणूस?"

"कोण म्हणजे? तिचा पोरगा."

मी म्हटलं, "तो कधी आला?"

"दिवाळीनंतर आला. मागच्या दारानं, त्याची कडी बाहेरून काढायची खुबी त्याला ठाऊक. सगळा वाळलेला, नुसती हाडं. मुंबईचं ते दुखणं. मी रोज भात द्यायची, त्यानं मला शपथ घातलेली, कोणाला सांगायचं नाय म्हणून. तुमच्या चटया-चपला मीच आणून ठेवल्या, त्यानं सांगितलं म्हणून."

मी तिच्यावरच ओरडले. "अगं पण मला तरी सांगायचंस! मी त्याची मावशी लागते!"

ती तशीच शांत उभी. म्हणाली, "मी त्याला तेच म्हटलं. बाईंना सांगते म्हटलं. तो म्हणाला, नको. मावशी पडवीत काय बोलली ते मी ऐकलंय."

आत गीत चालूच होतं. शेवटचं कडवं संपलं तशी मी आत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

त्या घरात मागच्या दारानं आत गेलो. तो आतल्या खोलीत, आईच्या खाटेवर. चेहरा तिचाच, फक्त फार म्हातारा झालेला. पुढच्या दाराला जवळजवळ टेकून एक खुर्ची होती, तिच्यावर तिचं गीतांचं पुस्तक. तांब्या आणि पेले धुऊन फळीवर पालथे घातलेले. मी ते बघतेय हे पाहून शेजारीण म्हणाली, "तुम्ही यायचे बंद झालात, तरी तो तुमचे बुधवार मोजायचा. दोन्ही वेळा पडवी झाडली, पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या वेळी त्याच्यानं उभं राहवत नव्हतं, बसून बसून झाडलं. अंधार पडला की मीच तांब्या आत नेला."

आम्ही त्याला आईशेजारी माती दिली. खड्ड्यात पाणी साचत होतं, ते शेजारणीच्या थोरल्या मुलानं डब्यानं उपसलं.

त्याच आठवड्यात मी यादी नव्यानं लिहिली, सात घरांची. कोणी हूं की चूं केलं नाही. पुतण्याकडून किल्ली मागवली, पण दार उघडत नाही आम्ही, पडवीतच बसतो. झाडते मी. तांब्या भरून आणते शेजारीण, आणि आता सगळे पितात.

भाकरीचा प्रश्न फिरून फिरून येतोच. मी उभी राहते, सगळं म्हणते, आणि सच्च्या मित्रांपाशी थांबते. पुढचे दोन शब्द त्या पडवीत माझ्या तोंडून निघत नाहीत. कोणी मला आठवण करून देत नाही. सगळे दाराकडे बघत बसतात, मीही बघते. तेव्हा जिथून पळाले त्या फटीतून एकदा, एकदाच तो आवाज यावा म्हणून जीव कानात येतो. ज्योत सरळ उभी असते. मग वडीलजन हळूच आमेन म्हणतात, आणि आम्ही उठतो.