खालच्या काकांची शिट्टी आणि संत्रीचं इन्सुलिन

मांजरीला इन्सुलिन टोचायच्या आधी शिट्टी वाजवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका विश्रांतवाडीत माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतो! काका मूळचे नागपूरचे. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात, त्यातली शेवटची वर्षं खडकवासल्याला. धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवायचा, ही सवय त्यांच्या इतकी हाडीमाशी भिनलीय की रिटायर झाले तरी सुटेना. ‘इशारा न देता काही सोडायचं नाही!’ म्हणून रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सातला सिरिंज भरली की काका गॅलरीत येऊन शिट्टी मारणार. फुर्रर्र! आतून काकू ओरडणार, “अहो, दोन युनिट सोडता नि सायरन अख्ख्या गल्लीला!”

आता संत्री, म्हणजे ती गुबगुबीत केशरी मांजर, काही बावळट नाही ना. शिट्टी ऐकली की थेट दिवाणाखाली! डॉक्टरांनी इतकं साधं सांगितलेलं, की आधी खाऊ घाला, ती खात असतानाच हळूच टोचा, आणि खाल्लं नाही तर इंजेक्शन न देता मला फोन करा. पण काकांना ‘हळूच’ पटत नाही. मग मला हाक. मी लॅपटॉप म्यूट करून खाली, पोटावर झोपून, हातात झाडू. त्यात दर रविवारी तिच्या कानाला टोचून साखर बघायची, तर त्याआधी काका स्वतःच्या बोटाला टोचून घेणार. का? तर “तिले एकटीले काहून त्रास?” काकू म्हणतात, “यांची साखर नॉर्मल आहे, बाकी काय नॉर्मल आहे ते विचारू नको.”

आणि मग तो मंगळवार. शिट्टी वाजली आणि संत्री पळालीच नाही! जागची हललीसुद्धा नाही. काका एवढे खूश, की मला वरून बोलावून दाखवलं. “पाय बाई, शिस्त लागून रायली हिले!” मी टाळ्या वाजवल्या, काकूंनी फोटो काढला, काकांनी इंजेक्शन दिलं. त्या कौतुकात वाटीकडे कुणी बघितलंच नाही. वाटी भरलेली होती. त्या सकाळी तिने तोंडच लावलं नव्हतं.

दहाच्या सुमारास काका अनवाणी माझ्या दारात. “बाई, संत्री उभी नाही राहून रायली.” मी धावत खाली गेले तर तिची मान लुळी पडलेली. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, साखर उतरलीय, हिरड्यांना मध चोळा आणि तसेच निघा. काकूंनी मध चोळला, मी रिक्षा थांबवली. संत्रीला टॉवेलात धरून काका रिक्षात एवढंच म्हणत होते, “आनंदात इसरलो गं मी.”

वाचली! संध्याकाळी घरीसुद्धा आली, डॉक्टरांवर गुरगुरत. पण त्या दिवसापासून शिट्टी कपाटात गेली. आता काका आधी वाटीपाशी उकिडवे बसतात, चार घास तिच्या पोटात गेलेले स्वतः बघतात आणि मग चुपचाप टोचतात. सगळं कसं अगदी नीट चाललंय. मी मात्र आता सकाळी अलार्म लावते आणि तो बंद करून परत झोपते.

परवा सातला मी खालीच होते. काकांच्या हातात सिरिंज, संत्रीचं तोंड वाटीत. एवढ्यात पार्किंगमध्ये पाण्याचा टँकर मागे घेताना वॉचमनने शिट्टी मारली. फुर्रर्र! वाटी उडाली, संत्री दिवाणाखाली! मी सवयीने झाडू उचलला, तर काकांनी माझा हात धरला.

“राहू दे थोडा वेळ,” ते म्हणाले. “पळून रायली ना, बाई.”

आणि चष्मा पुसत बसले. त्या दिवशी इंजेक्शनला पहिल्यांदाच उशीर झाला, आणि काकूंनी वाटी पुन्हा भरून दिवाणापाशी ठेवली.