चौकोनातलं चौथं घर

माझा सासरा होता होता राहिलेला माणूस जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर होता, आणि त्याच्याइतका राग मला आजवर कुणाचाच आलेला नाही.

मी चंद्रपूरकडची. नोकरी हडपसरच्या आयटी पार्कात, खोली बिबवेवाडीत, आणि लग्न ठरत होतं टीममधल्याच एका पुणेकराशी. पेठेतल्या त्याच्या घरी बोलणी करायला गेले तेव्हा पत्रिका बघून झाली होती, गुण जुळले होते. मी म्हटलं, रक्तही जुळवून बघू. मी सिकलसेलची वाहक आहे. हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस माझ्यासारखा ठणठणीत राहतो. दोघांकडून आला तर हाडं आतून ठणकतात, माणूस गडाबडा लोळतो. माझ्या दादाला तो आजार आहे. मुलाने एकदा रक्त तपासावं, त्याच्यात दोष नसला तर विषय संपला.

"आमच्यात असलं काही नसतं," सर म्हणाले. "पण तुम्ही हुशार आहात. आम्ही चालवून घेऊ."

चालवून घेऊ! मी काय फाटकी नोट होते?

मी तपासणीचं सोडेना, तेव्हा सरांनी माझ्याच पत्रिकेच्या पाठीवर चौकोन काढून त्याची चार घरं केली. "अगदी दोघंही वाहक धरा. चारांत एक मूल आजारी. तुम्हाला हवीत दोन. मग घाबरता कशाला?" आणि चौथ्या घरावर पेन आपटलं, जसं काही ते मूल रेशनच्या रांगेत शेवटी उभं होतं.

अरे बाप्पा! जन्मभर पोरांना हेच शिकवलं की काय या माणसाने? दर खेपेला चिठ्ठी नव्याने उचलायची असते, एवढंही कळू नये?

"सर," मी म्हटलं, "माझ्या आईबापांनीही दोनच ठरवली होती. दादा पहिला."

"पोहे गार होताहेत," सरांच्या पत्नी म्हणाल्या. मी होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. ऑफिसात साहेबाशी तावातावाने भांडणारा हा गडी! "बाबा, चुकलात" एवढं त्याच्या तोंडून फुटेना. बशीतली शेव वेचत बसला.

जिन्यात मात्र मागे धावत आला. "बाबांचं मन नाही गं मोडवत. आपण एकच मूल होऊ देऊ ना!"

बापाचा चौकोन पोराच्याही डोक्यात! मी तिथेच लग्न मोडलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "माझ्यापायी मोडलं ना?"

"नाही रे दादा. पोह्यात साखर घालतात ते लोक."

तो हसला. हसता हसता कळ आली असावी, कारण पुढचं माझ्याशी आईच बोलली.